वरचा खिळा

“ह्या माणसाला म्हाईत हाय का, आपलं चित्र काढलंय म्हणून?”

मार्चमधल्या एका शनिवारी, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात उभं राहून एका पालकांनी मला हे विचारलं. पालकसभा संपून तास उलटला होता. शिपाईमामा एकेक खिडकी लावत येत होते आणि मी टेबलावर माझी कात्रणांची जुनी फाइल पसरून बसले होते. आठवीतल्या एका मुलीचे वडील दारात आले. ते मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीचा हंगाम ऐन भरात होता, गाडी भरून ते थेट इकडेच आले होते. तोंड धुतलेलं दिसत होतं, पण केसांच्या कडेला, मानेच्या वळ्यांत, नखांच्या कोपऱ्यांत हळद तशीच होती. ते आत आले तसा वर्गात कच्च्या हळदीचा उग्र, मातकट वास पसरला. पोस्टर कलरच्या आणि ओल्या कागदाच्या नेहमीच्या वासाच्या वर तो येऊन बसला. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. “पोरीला त्या दुसऱ्या परीक्षेला बसवू म्हणत्यासा, त्येचा फायदा काय हुतोय?” चित्रकलेच्या शासकीय परीक्षांपैकी एलिमेंटरी ती चांगल्या श्रेणीनं पास झाली होती, आता पुढच्या इंटरमिजिएटचं विचारत होते. मी सांगितलं, अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात. त्यांनी समाधानानं मान हलवली. माझ्या घशात मात्र ते उत्तर अडकल्यासारखं झालं. वीस वर्षं मी मुलांना रंग शिकवते आहे, आणि चित्र कशासाठी असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी ७ हा आकडा बाहेर पडतो.

निघता निघता त्यांची नजर उघड्या फाइलवर गेली. तिथं एका मासिकातलं रंगीत पान होतं. रेल्वेचा पूल, पुलावरची माणसं आणि मागे दाटीवाटीचं शहर. मी ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत होते तेव्हा ते कापून ठेवलेलं. ते वाकले आणि त्यांचं बोट माणसांवर गेलं नाही, ते पानाच्या मधोमध गेलेल्या तपकिरी रेषेवर गेलं. “हितवर आलतं व्हय?” सांगलीत ती रेष कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. २००५ ला जिथवर पाणी आलं होतं ती खूण भिंतीवर होती, तिच्या वर दोन हात सोडून आम्ही सामान रचलं आणि निर्धास्त बाहेर पडलो. फाइल त्या सामानात होती. परत आल्यावर पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मी ती एकेक करून वाफेवर सोडवली. बरीच फाटली, हे पान वाचलं, पण अर्ध्यावर गाळाची रेघ राहिली. पुलावरच्या माणसांच्या बरोबर कमरेवर. “आमच्यात पत्र्याला टेकलं हुतं,” ते म्हणाले. ते दत्तनगरात राहतात.

मग त्यांनी माणसं बघितली. शांतपणे बघितली, एकेका चेहऱ्याशी थांबून. कुणी काढलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुधीर पटवर्धन म्हणून एक चित्रकार आहेत, ठाण्याला असतात, आधी डॉक्टर होते, एक्स-रे बघायचे. “फोटोवाले डॉक्टर?” आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. त्यांच्या घरीही त्यांच्या पाठीचा फोटो आहे, मणक्यात गॅप पडलाय म्हणून काढलेला. पुरात घरातलं सगळं गेलं, खिळ्याला लटकवलेला तो फोटो तेवढा पाण्यातून सुटला, पुसून घेतला, अजून आहे. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. परत पानाकडे बघत म्हणाले, “मग त्येला पाठ कळत असंल.” आणि त्यानंतर तो प्रश्न. ह्या माणसाला म्हाईत हाय का.

मी म्हटलं, “नसावं.” त्यांनी “हं” केलं, फॉर्मवर सही केली, चपला घातल्या आणि गेले.

एवढंच झालं. पण घरी जाताना, भाजी घेताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न येऊन बसायचा. कारण तो मला नवा नव्हता. हाच प्रश्न त्या चित्रकारानं स्वतःला घातला होता. पंचवीस वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या खोलीत मी तो वाचला होता, वहीत उतरवून घेतला होता आणि पुढे हळूहळू विसरूनही गेले होते.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, मग मुंबईत आले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल ३० वर्षं, त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकला कुठल्या शाळेत शिकले नाहीत. दिवसभर माणसांची हाडं, फुप्फुसं, मणके उजेडासमोर धरून बघायचे आणि उरलेल्या वेळात माणसं रंगवायची : लोकलच्या डब्यातली, इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलेली, पुलावरून कामाला निघालेली. तो काळ डाव्या विचारांच्या धगीचा होता, आणि त्या विचारांतूनच ते चित्रांकडे बघत होते. १९७९ साली दिल्लीत त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्या सुमारास त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली होती. ज्या माणसांवरून ही चित्रं सुचली, त्या माणसांना ती आपली स्वतःची प्रतिमा म्हणून घेता यावीत, अशी. मी हे माझ्या शब्दांत सांगते आहे. पण त्यातला ओढ्यासारखा खळाळ मला आजही ऐकू येतो. चित्र सुंदर व्हावं, विकलं जावं, नाव व्हावं, यातलं काहीच त्यात नव्हतं. चित्रातल्या माणसानं चित्रासमोर उभं राहावं आणि म्हणावं, हा मी.

आम्हा ए.टी.डी.च्या पोरापोरींना ते वाक्य प्यायल्यासारखं चढलं होतं. आमच्यातले बहुतेक जण जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून आलेले. घरी दुष्काळ, हाती कोळसा. स्टँडवर जाऊन स्केचिंग करायचं तेव्हा आमच्या वह्यांमध्ये आमचेच बाप, आमच्याच आया यायच्या. फलाटावर गाठोडं उशाला घेऊन झोपलेली म्हातारी, गुऱ्हाळावरून आलेला काळवंडलेला माणूस. आम्हाला वाटायचं, आपण तर आतलेच आहोत, आपल्याला हे जमणारच. मग नोकऱ्या लागल्या, काहींना लागल्या नाहीत. कुणी फ्लेक्स डिझाइन करू लागला, कुणी मंडप सजवू लागला, मी शाळेत आले. वही माळ्यावर गेली आणि २०१९ मध्ये माळ्यावरून नदीत गेली.

त्या पालकांची मुलगी, तिच्याविषयी सांगायला हवं. गेल्या वर्षी सरावासाठी मी स्मरणचित्राला ‘बाजार’ हा विषय दिला होता. स्मरणचित्र हा शब्द मला फार आवडतो. समोर काही ठेवायचं नाही, डोळ्यांनी कधीतरी साठवलेलं काढायचं. पण परीक्षेच्या चित्रांना एक वळण पडून गेलेलं असतं. डावीकडे छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे पाठमोरी गिऱ्हाईक बाई, तिच्या हातात पिशवी, तिचं बोट धरलेलं पोर, मागे फुगेवाला. क्लासवाले हे घोटून घेतात. चाळीस चित्रांत चाळीस फुगेवाले आले. तिच्याही चित्रात आला. त्या पोरीची रेष इतकी जिवंत आहे की भाजीवालीच्या मांडीवरची घडीसुद्धा खरी वाटत होती. मी तिला जवळ घेऊन विचारलं, तू तर रोज यार्डात डबा घेऊन जातेस ना, तो बाजार का नाही काढलास? हळदीचे ढीग, गाड्या, पप्पा? ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही अवघड विचारलंय असा तिचा चेहरा झाला. मग म्हणाली, “ते चित्रात कसं घ्यायचं, मॅडम?”

घेता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मला त्या क्षणी तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. तिच्या डोळ्यांसमोरचं सगळं पिवळं जग सोडून तिनं कुठल्या तरी दुसऱ्याच गावचा बाजार काढला होता, आणि तो काढायला मीच शिकवलं होतं.

यार्डातली हळद बघितली नसेल त्यानं सांगली बघितली असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीपासून आवक सुरू होते. अडत दुकानांच्या पुढे राजापुरी हळदीचे ढीग लागतात, हळकुंडं एकमेकांवर सांडतात तेव्हा लाकडी खुळखुळ्यासारखा आवाज होतो. व्यापारी हळकुंड मोडून बघतात, आतला केशरी रंग नखानं खरवडतात. सौद्याचा गलका उसळतो आणि पुढच्या ढिगाकडे सरकतो. या सगळ्याच्या खालून, म्हणजे अक्षरशः खालून, वाकलेली माणसं जात असतात. पाठीवर ५०-६० किलोचं पोतं, डोक्यावरून घेतलेलं गोणपाट, हातात हूक. फळीवरून गाडीत चढताना त्यांच्या पोटऱ्या अशा थरथरतात की बघणाऱ्यानं नजर वळवावी. धुरळा पिवळा, घाम पिवळा, थुंकी पिवळी. लग्नाघरी त्याच हळदीला आपण मंगल म्हणतो आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच मनापासून अभिमान वाटला. ज्यांच्या खांद्यावरून ती गेली त्यांचं मानांकन कुठल्या कागदावर नाही.

हळदीचं आणखी एक चित्र माझ्या डोळ्यांत आहे, ते मी कधीच काढलं नाही. हरिपूर माझं आजोळ. संगमेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर हळद साठवायची पेवं होती. जमिनीच्या पोटात खोल, तोंडाशी अरुंद, आत रुंद. वरून बघितलं तर साधी माती, खाली पोतीच्या पोती हळद. पेव फोडायचं असलं की आदल्या दिवशीच तोंड उघडून ठेवायचे, कारण आत कोंडलेली हवा माणसाला मारते. मग कंदील सोडून बघायचे. ज्योत टिकली की एक माणूस दोराला धरून उतरायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. आजोबांनी मला मागे ओढून धरलं होतं आणि पेवाच्या तोंडातून गरम, दाट वास वर येत होता, जसा एखाद्या मोठ्या जनावराच्या तोंडातून यावा. त्या भोकातून एक डोकं वर आलं. पूर्ण पिवळं. पापण्यासुद्धा. तो माणूस माझ्याकडे बघून हसला तेव्हा फक्त दात पांढरे होते. २००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि तो सगळा व्यवहारच उठल्यासारखा झाला. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत असते. तो दोराला धरून उतरणारा माणूस कोण होता, कुणाचा होता, आजोबा गेल्यावर विचारायलाही कुणी राहिलं नाही. त्याचं चित्र नाही, फोटो नाही. माझ्या डोळ्यांत आहे तेवढाच तो आहे, आणि मी ए.टी.डी. शिकलेली बाई आहे.

इथं मला मुंबईची गोष्ट सांगायची आहे.

पुराच्या पुढच्या हिवाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं. नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०. घरात अजून भिंतींना ओल होती, कपाटं उन्हात वाकडी झाली होती, पैशांची ओढाताण तर विचारूच नका. तरी मी गेले. रात्री महालक्ष्मीनं निघून सकाळी सीएसएमटीला उतरले, चहा घेतला आणि चालत निघाले. ते सभागृह अर्धगोलाकार आहे, जिने चढत चढत वर जायचं, आणि प्रत्येक वळणावर माणसंच माणसं. छापील पानावर बोटाएवढा दिसलेला माणूस इथं माझ्याएवढा होता. त्याचे हात बघून मी थांबले. कामानं जाड झालेले, मांडीवर टाकलेले हात. ते दमलेले आहेत असं चित्र सांगत नव्हतं, कीव करा असंही म्हणत नव्हतं. ते हात तिथं होते आणि त्यांचं वजन माझ्या पोटात उतरत होतं. डॉक्टरनं रोग्याकडे बघावं तसं बघणं म्हणजे कोरडं बघणं, असं मला आधी वाटायचं. तिथं उमगलं की रोज शेकडो बरगड्या बघणाऱ्या माणसाला शरीराबद्दल एक वेगळीच आदबशीर माया येत असावी. कातडीच्या आत काय काय चाललेलं असतं आणि तरी माणूस उठून कामाला जातो, हे ज्यानं बघितलं आहे त्याची ती माया.

वरच्या मजल्यांवर पुढच्या वर्षांची चित्रं होती. शहर वाढत गेलेलं, चाळींच्या आणि गिरण्यांच्या मागून टॉवर उठलेले. आणि चित्रात स्वतः चित्रकार येऊ लागलेला. घराच्या आतली माणसं, खिडक्या, आतून बाहेर बघणारा म्हातारा होत जाणारा माणूस. मला ते बघताना गलबलून आलं. ज्यानं तरुणपणी म्हटलं होतं की ही प्रतिमा तुमची आहे, तो आता जणू म्हणत होता, मी इथून बघतो आहे, या खिडकीतून, हे अंतर आहे आणि ते मी लपवणार नाही. काहींना ही माघार वाटते. मला नाही वाटत. आपण कुठं उभे आहोत हे सांगून टाकणं, हे पुढचं पाऊल आहे.

पण त्या दिवशी प्रदर्शनात आणखीही एक दिसलं. बघणाऱ्यांत सगळे माझ्यासारखे किंवा माझ्याहून वरचे. चित्रांतल्या माणसांसारखा एकच माणूस त्या मजल्यावर होता, गणवेशातला सुरक्षारक्षक. तो चित्रांकडे पाठ करून उभा होता, कारण त्याचं काम आमच्याकडे बघायचं. मी धीर करून त्याच्याशी बोलले. यातलं तुम्हाला कुठलं आवडतं? तो आधी बावरला, मग जिन्याजवळच्या एका चित्राकडे बोट करून हळूच म्हणाला, “वो वाला. उसमें जगह है.” म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कुणीतरी आलं, तो सरळ झाला.

पटवर्धनांना हे दिसत नसेल असं नाही. चित्रं मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्यांतच अडकून राहतात ही खंत त्यांनी फक्त बोलून दाखवली नाही. २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांतून फिरलं, त्यामागे ते होते. भारतातले नामवंत चित्रकार, मूळ चित्रं, आणि समोर कधी गॅलरी न बघितलेला माणूस. आपल्याकडे हे कुणी करत नाही. आपण म्हणतो लोकांना कळत नाही, आणि घरी जातो.

आणि कळत नाही हेही खरं नाही. आमच्या साताऱ्याच्या औंधचं उदाहरण आहे की. राजा स्वतः चित्रकार, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी यमाईच्या डोंगरावर, देवळाच्या वाटेवर संग्रहालय बांधलं, १९३८ मध्ये. देवीला आलेला माणूस नारळ फोडून उतरता उतरता रविवर्म्याच्या सैरंध्रीच्या चित्रासमोर उभा राहतो. तिथंच इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं दगडातलं आई-मूल आहे, ज्याच्यासाठी लंडनला जावं लागलं असतं. मी मुलांची सहल घेऊन गेले होते तेव्हा एक नऊवारीतली आजी त्या दगडासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. नाक-डोळे धड नसलेली ती मूर्ती. मी मुलांना काही समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी स्वतःशीच म्हणाली, “कशी घट्ट धरून बसलीया.” आणि पुढे गेली. मी मुलांना काहीच सांगितलं नाही.

तर एप्रिलच्या सुट्टीत मी यार्डात गेले. वही, ४बी पेन्सिल, पाण्याची बाटली आणि जलरंगांची छोटी पेटी. मुलीनं आधी सांगून ठेवलं होतं. अडत दुकानदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला, हमालांनी “पेपरात येनार काय वो?” म्हणून घेतलं आणि मग ते आपल्या कामाला लागले. पंचवीस वर्षांनी असं उघड्यावर बसून काढत होते, हात भीत होता. पहिल्या आठ-दहा पानांत नुसत्या पाठी आल्या. वाकलेल्या, कोनात गेलेल्या, पोत्याखाली माणूस आहे की नाही कळू नये अशा. मला मात्र ते जमल्यासारखं वाटायला लागलं. गोणपाटाच्या घडीत चेहऱ्याचा अर्धाच भाग, हुकाचा वाकडा चमकता दात. दुपारी जेवायच्या वेळी तिचे वडील बघायला आले. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, एकात स्वतःला ओळखलं, “हा मी हाय,” म्हणाले. माझं काळीज जोरात धडधडायला लागलं. हेच ते, ज्याची वाट एका चित्रकारानं १९७९ पासून पाहिली, असं वाटलं.

पण त्यांनी वही परत दिली. “चांगलं हाय. पर मॅडम, माझं काढायचं असंल तर पोतं नको. पोतं रोज हायच की.”

मी गप्प झाले. म्हटलं, मग कसं काढू? ते जरा लाजले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खुर्चीत बसून. रविवारी या म्हणाले, घरी.

त्या चार दिवसांत मी किती उलटसुलट विचार केला ते सांगून संपणार नाही. मला पोतं हवं होतं. पोत्याशिवाय तो हमाल कसा? पांढऱ्या शर्टातला खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे फोटो स्टुडिओतलं चित्र, त्यात कष्ट कुठं, यार्ड कुठं, सांगली कुठं? मग लक्षात यायचं की हे सगळं मला हवं आहे, त्यांना नको आहे. स्वतःची प्रतिमा म्हणजे माणसाला स्वतः हवी ती. कष्टकऱ्याचा कष्ट दिसला पाहिजे हा आग्रह कुणाचा? जो आयुष्यभर वाकून चालतो त्याला एकदा तरी ताठ बसलेलं बघायचं असेल, तर त्यात खोटं काय आहे? आणि तरीही, मी त्यांना ताठ काढलं आणि यार्डातलं सगळं पुसून टाकलं, तर मी त्या फुगेवाल्याचंच चित्र काढणार नाही का? दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत होत्या. आजही वाटतात.

रविवारी दत्तनगरात गेले. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीला नवा हिरवा रंग, पण पत्र्याखाली हातभर पट्ट्यात तो फुगलेला, ओल धरलेला. खुर्ची दारातल्या उजेडात मांडली होती. ते पांढरा शर्ट घालून बसले, बटणं गळ्यापर्यंत, हात गुडघ्यांवर. मुलगी माझ्या शेजारी चटईवर. मी काढायला लागले आणि तासाभरानं माझ्या ध्यानात आलं की ते खुर्चीला टेकलेलेच नाहीत. पाठीत आणि खुर्चीत वीतभर अंतर. मी म्हटलं, निवांत टेका ना. ते टेकले, आणि मिनिटभरात परत पुढे आले. त्यांना कळलंसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, “पप्पा असंच बसत्यात. टेकलं की दुखतंय.” मी ते अंतर तसंच काढलं. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, गळ्यापर्यंत बटणं, आणि पाठीमागे ती रिकामी जागा, जिथं पोतं असतं. मुंबईतला तो रक्षक जागेबद्दल काय म्हणाला होता ते तेव्हा अचानक आठवलं.

रंग भरून झाले तशी मुलगी पुढे सरकली. बराच वेळ बघून म्हणाली, “मॅडम, कानामागं राहिलं.” काय राहिलं? “हळद. कितीबी धुतलं तरी कानामागं राहत्या.” मी ब्रश तिच्या हातात दिला. तिनं पेटीतला पिवळा घेतला, त्यात कणभर तपकिरी मिसळला, जो मी तिला कधी शिकवला नव्हता, आणि कानाच्या पाळीमागे एवढासा लावला. वडील ओरडतील म्हणून तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, दारापाशी नेऊन उजेडात धरलं, फोटो धरतात तसं. एक हात नकळत कानामागे गेला.

काही बोलले नाहीत. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “ह्यो रंग पाण्यात टिकतोय काय?”

मी म्हटलं, नाही, जलरंग आहे, पाणी लागलं तर जाईल.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मणक्याचा फोटो एका खिळ्याला प्लॅस्टिकच्या पाकिटात लटकत होता. त्याच्या खूप वर, पत्र्याला लागूनच्या आडव्या लाकडाला, आणखी एक खिळा होता, त्याला नुसतीच एक सुतळी. “मग हे वरल्या खिळ्याला लावतो,” म्हणाले आणि मुलीला स्टूल आणायला सांगितलं.